गव्हाचा चीक

माझी शाळा चौथीत सुटली, पण गव्हाबद्दल मला कुणी शिकवू नये. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात लोक बारा महिने ज्वारीची भाकरी खायचे. पोळी सणाला, नाही तर पाहुणा आला तर. मी विहिरीवर मोटर बसवली, गहू पेरला आणि तेव्हापासून आमच्या ताटात दोन्ही वेळेला पोळी आली. गावात नाव पडलं, गव्हाचं घर. कुणी ते कुजकेपणानं म्हणायचं. मला ते गोडच लागायचं.

पुढं पोराचं लग्न केलं. सून धावड्याची, भाकरीच्या घरातली. नात झाली ती चांगली गुटगुटीत. सात-आठ महिन्यांची झाल्यावर मी स्वतः दुधात पोळी कुस्करून तिला भरवायला लागलो. वर्ष-दीड वर्षात पोरीची रया गेली. पोट मडक्यासारखं, हातपाय काटक्या, केस भुरकट. दिवसातून सहा-सात वेळा परसाकडं, तेही पांढरट, आणि वास असा की माणूस उठून जावा. सारखी किरकिर. तीन वर्षांची पोर दीड वर्षाची दिसायची.

तालुक्याच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. दुसऱ्यानं कावीळ सांगितली. तिसऱ्यानं क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. तिघांनीही मान वर न करता चिठ्ठी लिहिली. असल्या लोकांना डॉक्टर म्हणायची माझी आजही तयारी नाही.

माझा याही, म्हणजे सुनेचा बाप, एका लग्नात चारचौघांत म्हणाला, “पाव्हणं, पोरगी वाळून राह्यली. गव्हाच्या घरात खायला भेटत न्हाई काय?”

लोक हसले. त्या हसण्यानं मी जेवणावरून उठलो आणि त्याच्या दारात वर्षभर गेलो नाही.

सून मात्र नजर ठेवून होती. पोरगी महिनाभर धावड्याला राहिली की अंगावर मांस चढायचं, आमच्याकडं आली की उतरायचं. एकदा तिनं डोक्यावरचा पदर सावरत मला सांगितलं, “मामा, हिला पोळी सोसत न्हाई असं वाटतं.”

“गहू सोसत न्हाई?” मी म्हणालो. “तुमच्या सात पिढ्या भाकरी थापण्यात गेल्या, म्हणून पोळी डोळ्यात खुपून राह्यली व्हय?”

ती आत निघून गेली. पण तिनं नवऱ्याला गाठलं, नवीन जालन्यातला एक डॉक्टर शोधला, आणि त्यानं औरंगाबादला पाठवलं. मीही गेलो. पोरीला एकटं त्यांच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. तिथं रक्त काढलं. मग घशातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. चार माणसांनी तिला धरलं होतं. ती “आबा, आबा” करून ओरडत होती आणि मला दाराच्या बाहेर उभं केलं होतं. ते ओरडणं मी विसरलो नाही.

आठवड्यानं एक डॉक्टरीणबाई, माझ्या पोरापेक्षा लहान, कागदावर चित्र काढून सांगायला लागली. “आजोबा, आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते. अन्न अंगी लागतं ते त्या लवेतून. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, तो हिच्या शरीराला शत्रू वाटतो. गहू आत गेला की शरीर लढायला उठतं, आणि त्या मारामारीत स्वतःचीच लव झडते. मग तुम्ही तूप घाला नाही तर बदाम, सगळं वाहून जातं.”

“दोष गव्हाचा का पोरीचा?”

“कुणाचाच नाही.”

हे उत्तर मला बिलकुल पटलं नाही. माझ्या उभ्या जन्मात मी बिनदोषाचं नुकसान पाहिलेलं नाही.

“किती दिवस बंद?”

“जन्मभर. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, पाव. चिमूटभरसुद्धा नको.”

“बाई, तुम्हाला शिकवलं कुणी?” असं विचारून मी उठलो.

घरी आल्यावर सुनेनं स्वयंपाकघराचे दोन भाग केले. पोरीचा तवा वेगळा, परात वेगळी. गिरणीत गव्हावर ज्वारी दळतात, जुनं पीठ दगडाला राहतं, म्हणून तिनं अडगळीतलं जातं काढून धुतलं आणि ज्वारी घरी दळायला लागली. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघून जायच्या. “गव्हाच्या घरात जातं फिरून राह्यलं!” मी ऐकायचो आणि दात खायचो.

पण खोटं कशाला लिहू, तीन महिन्यांत पोरगी माणसात आली. पोट बसलं. ती पळायला लागली, शेळीच्या मागं, माझ्या मागं. मी म्हणायचो, वय झालं म्हणून सुधारली.

उन्हाळ्यात कुरडया निघाल्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांना सांगतो, गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, कोंडा गाळून फेकायचा. खाली पांढरा चीक बसतो. तो शिजवून साच्यातून पाडला की कुरडई. आमच्याकडं अशक्त माणसाला, बाळंतिणीला हाच चीक दूध-साखर घालून देतात. मला लहानपणी मुदतीचा ताप आला होता, तेव्हा आईनं चिकावरच उठवलं होतं.

आमची म्हातारी, पोराची आई, चुलीशी, सून माळवदावर कुरडया घालायला. जाताना ती मला म्हणाली, “मामा, हिला तुमच्याजवळ बसवते. काही खाऊ देऊ नका.”

गल्लीतली पोरं वाट्या घेऊन चीक खात होती. माझी नात भिंतीला टेकून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मागत नव्हती. चार वर्षांच्या पोरीनं मागायचं सोडून द्यावं, याचा मला संताप आला. मी मनाशी हिशेब मांडला. बाईनं पोळी म्हटलं, रवा म्हटलं, पाव म्हटलं. चिकाचं नाव घेतलं नाही. कोंडा गेला, सत्त्व तेवढं राहिलं, त्यात कसला आलाय शत्रू? मी वाटी भरून आणली. पोरीनं चाटून पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून मागून आणली, तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस जाऊ द्यावेत आणि मग सुनेला, डॉक्टरणीला, याह्याला, सगळ्यांना एकदम तोंडावर सांगावं असा माझा बेत होता.

चौथ्या दिवशी सकाळी पोरीला उलट्या लागल्या. मग पाण्यासारखे जुलाब. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, पोट पुन्हा टम्म. जीप करून जालन्याला नेली. सलाईनला शीर सापडेना.

डॉक्टरनं सुनेला विचारलं, “गहू गेला का पोटात?”

“न्हाई. देवाशपथ न्हाई.”

“नीट आठवा. गेला नसेल तर हे दुसरंच काही आहे. मग पुन्हा नळी घालावी लागेल.”

पोरगा दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोच्या अंगावर धावला. “तुझ्याच हातानं काही गेलं असंल! दिवसभर ध्यान कुठं असतं तुझं?” ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि परत परत म्हणत होती, “म्या न्हाई दिलं, म्या न्हाई दिलं.” मी बाकावर बसून ऐकत होतो. बराच वेळ ऐकत होतो, हे मान्य करतो. आत नर्सनं पोरीला नुसती सुई टोचली तशी ती “आबा” म्हणून ओरडली. नळीचं मला सहन होणार नव्हतं.

मी उठून डॉक्टरपुढं गेलो. “चीक दिला. गव्हाचा. तीन वाट्या. मी दिला.”

पोरानं मान खाली घातली. सून रडली नाही. पोरगी पाचव्या दिवशी उठून बसली, तेव्हा सुनेनं सगळ्यांसमोर मला सांगितलं, “मामा, मी इथनंच धावड्याला चालले. घरातला गहू निघल तवा सांगावा धाडा. माझा भाऊ येऊन बघल, मंग मी येईन.”

सुनेनं सासऱ्याला अट घालायची! मी बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती पोरीला खांद्यावर टाकून गेली.

चार महिने मी माघार घेतली नाही. पोरगा शेतातून यायचा, माझ्याशी न बोलता जेवायचा. म्हातारी पोळी करायची आणि ताट आदळायची. ती पोळी माझ्या घशाखाली उतरायची नाही, आणि मला तर कुठलाच रोग नव्हता.

मग एक दिवस सगळी पोती गाडीत टाकली, जुन्या जालन्यात आडतीवर घालून आलो. कणग्या झाडल्या, म्हातारीनं सारवल्या. परात नवी आणली. सांगावा धाडला.

सुनेचा भाऊ आला, पंचविशीचं पोरगं. चहा नको म्हणाला. एकेक डबा उघडून वास घेतला, कणगीत हात घालून बोटं बघितली. मी माझ्याच घरात चोरासारखा उभा होतो.

“चाळणी?” तो म्हणाला.

चाळणी राहिली होती. मी खुंटीवरून काढली, त्याच्यासमोर दाराबाहेर फेकली.

“आता बराबर,” तो म्हणाला. “उद्या आणतो दोघींना.”