उजवीकडचा देश

खाडीकाठच्या अभयारण्यात सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे, तिथे मोटार फिरकत नाही. एकदा तरी न उतरता रोहित पक्ष्यांपर्यंत पोचायचं, एवढाच माझा हट्ट. पण इथे सगळं उजवीकडून चालतं आणि माझं हँडल सांगलीच्या सवयीने डावीकडेच ओढतं. परवा पुन्हा एक सायकलवाला थेट समोर आला आणि मी घाबरून उतरले.

"आजी, कीप राइट!" मागून नात ओरडली.

लग्न होऊन इकडे आखातात, देऱ्यात राहायला आले तेव्हा हे मला गाडी शिकवायला निघाले होते. "देशच उलटा, मी कशाला शिकू?" म्हणाली होती तेव्हाची ती शहाणी मी. आता तिची फुशारकी मी म्हातारपणी निस्तरतेय.

पक्षी दिसले, पण सायकल ढकलत. ते मी धरत नाही.