राजगिऱ्याच्या रिव्हेटांचं जहाज

आधी घरची परिस्थिती सांगतो. त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, मंठा तालुक्यातून जालन्याला आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. स्टीलच्या एका मिलमध्ये गॅस कटर म्हणून लागले. लांब किनाऱ्यावर तोडलेल्या जहाजांचे पत्रे ट्रकांवर लादून इथं यायचे. आबा ते कापायचे, मग भट्टी, मग सळई. आमची पत्र्याची खोली औद्योगिक वसाहतीच्या मागं होती. आबांच्या प्रत्येक शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं. आई ती शिवायची नाही. "शिवून काय करू, उद्या तितकीच नवी पडतेत," म्हणायची. हिवाळ्यात जळण नसलं की आम्ही पोरं बादली घेऊन मिलच्या मागच्या भिंतीशी जायचो. एखादा कामगार चिमट्यानं लालभडक तुकडा पाण्यात सोडायचा. चर्र... की पाणी गरम. जहाजाच्या तुकड्यांनी तापलेल्या पाण्यानं आंघोळ करून मी शाळेत गेलोय. आणि तिथून बी.एस्सी. पर्यंत. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी सगळीकडे सांगतो, इथंही सांगणार.

आता एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बियाणं उगवतं की नाही ते तपासायचं, हे माझं काम. ओल किती, उष्णता किती, कोंब किती - सगळं मोजून. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता. गावच्या जत्रेत अंगात आलेल्या बाईला मी भर गर्दीत विचारलं होतं, "माय, तेवढं उद्याच्या पेपरला काय येनार ते सांग." मार खाता खाता वाचलो. तर कमेंटमध्ये ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा. मीही हसलो असतो.

जहाजांचे मॉडेल बनवणं हा माझा छंद. लॅबमध्ये चिमटा धरून धरून हात स्थिर झालेला, त्याचा असा उपयोग. इंटरनेटवरून नकाशे काढायचे, कणा, त्याला फासळ्या, वरून लाकडाच्या पट्ट्या, मग डेक, डोलकाठ्या, दोरखंड. शेजारचे बोराडे काका गेटवर उभं राहून रोज एक तरी टोमणा मारायचे.

"काय सायेब, सोडनार कुठं हे? घानेवाडीच्या तळ्यात?"

"तुमच्या हौदात सोडतो की काका."

"आमच्या हौदात कुठून आलं पानी! नळ येऊन किती दिस झाले, हाय का पत्ता?"

आबा रिटायर झाले आणि दोनएक वर्षांत त्यांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाभोवती पाणी धरतंय. गोळ्या चालू झाल्या. प्रवास बंद. एका संध्याकाळी खाटेवर बसून ते माझं काम बघत होते. म्हणाले, "जनमभर जहाजं कापली रे बाळ्या. पन अख्खं एकबी न्हाई पाह्यलं. पुढून कसं आसतं, मागून कसं आसतं, मला काय ठावं न्हाई. मला आपले तुकडेच ठावं."

मी मोबाईलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी तोंड फिरवलं. "फोटूला काय हात लावता येतो का?"

त्या दिवशी ठरलं. आबांना हात लावता येईल असं अख्खं जहाज करायचं, आणि ते धड आहेत तोवर करायचं. जुन्या काळचं मालवाहू जहाज निवडलं, रिव्हेटांचं, म्हणजे पत्रे गोल डोक्याच्या खिळ्यांनी जोडलेलं. मीटरभर लांब. लाकूड घरातलंच होतं. आबांनी कापलेल्या एका जहाजाच्या कठड्याचा सागवानी दांडा मिलवाल्यांनी त्यांना देऊन टाकला होता. आमच्या पत्र्याच्या खोलीचं छत कैक वर्षं त्याच दांड्यानं तोललेलं. पक्कं घर झाल्यावर तो कोपऱ्यात पडून होता. मी तो चिरून पट्ट्या काढल्या आणि जहाजाला लावल्या.

रिव्हेट कशाचे करायचे, हा प्रश्न होता. हजारो लागतात, आणि सगळे एकसारखे. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसालाच सुचेल असं मला सुचलं - राजगिरा! गोल, बारीक, चाळणीनं चाळला की सगळे दाणे एका मापाचे. एकेक दाणा चिमट्यानं चिकटवला. वरून प्रायमर, रंग, वार्निश. बायको, सुरेखा, म्हणाली, "उपासाला राजगिरा मिळना आन् हे जहाजाला लावून राह्यलेत." पण दिसायला असं दिसलं म्हणता, की बोराडे काकासुद्धा त्या दिवशी टोमणा विसरले.

शेवटी डेक बसवून मी जहाज वरून पक्कं बंद केलं. नेमकं तिथून सगळं फिरलं.

पहिल्यांदा डोलकाठीचा दोर तुटला. मेण लावलेला, चांगला पिळाचा दोर. तुटून सरळ माझ्या तोंडावर आला, भुवई फाटली. डोळा थोडक्यात वाचला. मग ब्लेड घसरून अंगठ्यात गेलं. छंदात हे होतं, मान्य. पण जहाजाचं तोंड फिरायला लागलं, ते कशात बसवू? टेबलावर मी ते खिडकीकडं तोंड करून ठेवायचो. संध्याकाळी लॅबमधून आलो की तोंड आबांच्या खाटेकडं. सुरेखाला विचारलं, तिनं हात लावला नव्हता. आबांची खाट आतल्या खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी जहाजाचं तोंड त्या खोलीच्या भिंतीकडं. मी स्टँड टेबलाला स्क्रूनं आवळला. स्क्रू सरळ उपसून खाली पडलेले, आणि तोंड परत भिंतीकडं. जहाजाच्या खोलीत शिरलं की दात शिवशिवायचे... लोखंड चाटल्यासारखे.

आणि मग कोंब आले.

एका सकाळी बघतो तर तळाजवळच्या रिव्हेटांतून पांढरे, केसासारखे कोंब. वार्निश फोडून आलेले! तुम्ही म्हणाल ओल धरली. मंडळी, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. जालन्याचा उन्हाळा, भिंतीसुद्धा तडकतात, ओल कुठली? तरी मी त्याच पुडीतला राजगिरा घेतला, तसाच रंगवला, तसंच वार्निश दिलं आणि लॅबमध्ये भरपूर ओलीत ठेवला. एकही दाणा उगवला नाही.

कोंबांची रेघ होती, आणि ती तिरपी होती. पुढच्या बाजूला वर, मागं खाली. जणू पाण्यात जहाज तोंडावर बुडत चाललंय आणि पाण्याची पातळी आतून कुणीतरी आखून दाखवतंय. ही रेघ वर चढत होती. मी कोंब खरवडून काढायचो, ते परत यायचे, बोटभर वर.

सुरेखानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आबाचा दम आन् ती रेघ संगंच चढून राह्यली. तुमाला दिसत न्हाई का?"

"योगायोग असतो असा."

"तुमच्या त्या योगायोगाला म्हनावं घराबाहेर हो. मला ते जहाज घरात नको."

मी तिच्यावर ओरडलो. कारण मलाही तेच दिसत होतं. ज्या माणसानं त्या सागवानी दांड्याचं जहाज कापलं, त्याच्याकडं तोंड करून ते उभं होतं, आणि त्याच्या छातीत पाणी चढत होतं. हे मी, बी.एस्सी. झालेला माणूस, कुणाला सांगणार होतो?

तो रविवार. भर दुपार. आबांना बसल्या जागी श्वास पुरेना. डॉक्टरांनी सोमवारी सुईनं पाणी काढायला बोलावलं होतं. पुढच्या खोलीत गेलो तर जहाजाची रेघ डेकच्या जेमतेम खाली आलेली. मला काय झालं माहीत नाही. मी हातोडी उचलली.

"काय करून राह्यलास?" आबांचा आवाज. ते खाटेवरून उठून, भिंत धरत धरत दारात आले होते.

"फोडतो हे. आबा, हे तुमच्यावर उठलंय."

"लाकूड हाय ते येड्या! कोनावर उठतंय." त्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला. "अख्खं दाखवनार म्हनलास ना मला? मंग? फोडून काय, परत तुकडेच दाखवतो का?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी जहाजाकडं नीट पाहिलं. मग सवयीनं विचारावं तसं विचारलं, "वरून बंद केलंस. वाजवलं होतं का?"

इथं समजावून सांगावं लागेल. मिलमध्ये बंद चीज, म्हणजे टाकी, पाईप, पेटीसारखा जोडलेला पत्रा, कुणी तशीच कापत नाही. आधी हातोडीनं ठोकायचं आणि मोठ्यानं हाक मारायची, "कोन हाय का आत? बाहेर निघा, कापतो!" मगच ज्योत लावायची. डबा द्यायला जायचो तेव्हा हे मी शंभरदा ऐकलेलं.

"आबा, तुम्ही ते भुतासाठी करायचे का?"

"भुताचं काय घेऊन बसला! आत तेल हाय का, गॅस राह्यलाय का, एखादं कुत्रं निजलंय का, बस. रिकामं वेगळं वाजतं, भरलेलं वेगळं. आन इकडं."

मी जहाज त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते जड होतं. मी केलेल्या जहाजापेक्षा खूप जड. आबांनी बोटाच्या पेरानं कडेला ठोकलं.

भद्द.

"भरलंय," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मिलमधला तो आवाज काढला, जो मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. "कोन हाय का आत?"

आतून वाजलं. एकदा. मग दुसरीकडं, मग खाली, मग सगळीकडून एकदम... आतल्या बाजूनं पुष्कळ हातांनी पत्रा बडवावा तसं. लाकडावरचा आवाज नव्हता तो, लोखंडावरचा होता. सुरेखा दारात उभी होती, तिनंही ऐकला. आबांनी जहाज सोडलं नाही.

मला राग आला. भीती नाही, राग. मी त्या जहाजावर ओरडलो, "माझ्या बापानं पोटासाठी कापलं! चोरून न्हाई, मारून न्हाई. मेलेलं जहाज दारात आलं, ते कापलं. त्याच्यावर मी शिकलो. माफी मागनार न्हाई कोनी इथं!"

"आरं वरडू नको," आबा धापा टाकत म्हणाले. "वाट दे त्याला. बंद करून ठेवलंस तू."

मग त्यांनी परत हाक दिली, या वेळी हळू, एखाद्या झोपलेल्या माणसाला उठवावं तशी. "निघा बाहेर. कापतो मी."

मी ड्रिल घेतलं आणि तळाला, कण्याच्या बाजूला, भोक पाडलं.

पाणी आलं. काळं, गंजाचं, जळक्या तेलाच्या वासाचं आणि कोमट. सुरेखानं बादली लावली. बादली भरली. दुसरी लावली. तीही भरली, पाणी फरशीवरून उंबऱ्यापर्यंत गेलं. मीटरभर लांबीच्या त्या जहाजात किती मावेल, याचा हिशोब तुम्हीच करा. बोराडे काका पळत आले. "नळ आला का हो?" आणि उंबऱ्यात पाय भिजवून तिथंच उभे राहिले. मांडीवर जहाज, जहाजातून धार...   त्या दिवसापासून त्यांचे टोमणे बंद झाले.

धार थांबल्यावर मी टॉर्च लावून भोकातून आत पाहिलं. आत कोरडं ठणठणीत. फासळ्यांवर मी केलेल्या कापाकापीचा भुसा होता, तोही कोरडा.

थोडं पाणी मी बाटलीत ठेवलं होतं, ते आटवलं. खाली मीठ उरलं. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर मला चांगला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. चव घेतली मी. मीठच होतं.

आबा त्या दुपारी खुर्चीतच झोपले, सलग, न खोकता. सोमवारी सुई घालायची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पाणी उतरलं. असेल. गोळ्या महिन्यांपासून चालू होत्या, एवढंच मी म्हणतो. दोर, तोंड फिरणं, कोंब, ते बडवणं... यातल्या एकाही गोष्टीचं माझ्याकडं उत्तर नाही. मी शोधलं. नाही सापडलं. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर सांगा, पण 'भास' म्हणू नका. दोन बादल्या भास मी स्वतः नालीत ओतलाय.

राजगिरा सगळा खरवडून टाकला आणि डिंकाच्या थेंबांचे रिव्हेट केले. तळाचं भोक बुजवलं नाही, बुजवणारही नाही. जहाजाचं तोंड आता मी ठेवतो तिकडंच राहतं.

काम संपलं त्या दिवशी आबांनी ते पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत हातानं चाचपलं. मग उलटं, मागून पुढं. म्हणाले, "आसं आसतं का... बराबर हाय."

देशोदेशींची जहाजं जिथं वितळायला येतात, त्या जालन्यात एक जहाज अख्खं उभं आहे. ते आम्ही बांधलंय. आबांनी ते पाहिलं.