त्यांना पडलेली दोन मतं

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या त्या कॅथलिक शाळेत आम्ही दोनच मराठी बाप, दोघंही वसईकडचे. कुठलीही मीटिंग असो, ते दुसरे गृहस्थ अर्धा तास आधी येऊन खुर्च्या मांडत आणि सगळे निघून गेले की एकटेच उचलून ठेवत. बोलणं हळू, आणि प्रत्येक वाक्याआधी, "मी आपलं फक्त विचारतो हं."

यंदा शाळेच्या गव्हर्निंग बोर्डावर पालकांचा प्रतिनिधी निवडायचा होता. ते उभे राहिले. "मी आपलं फक्त विचारतो हं, मत द्याल ना?"

"अहो, हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो, आणि घरी येऊन मत दिलं ते त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गोऱ्या सॉलिसिटरला. आपला माणूस चारचौघांत इंग्रजीत अडखळला की मलाच लाज वाटते.

निकालाच्या ईमेलमध्ये त्यांच्या नावापुढे दोन मतं होती. दुसऱ्या दिवशी गेटपाशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"एक बायकोचं. मी काही स्वतःला दिलं नाही, बरं दिसत नाही ते. म्हणजे दुसरं तुमचंच."

या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं.

"अहो, त्यात काय," मी म्हणालो. ज्या कुणी ते मत खरंच दिलं होतं, त्याचे आभार घेऊन मी घरी आलो.