टाकून दिलेली दोन पानं

ईशाचा फोन आला तेव्हा मी आमच्या ट्रॉय गावातल्या देशी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "आत्या, बाबा इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली काच नीट साफ करत बसले... त्याचा मला अजून स्वतःवर राग येतो. सुहासदादा, माझा मामेभाऊ, जाऊन आता सहा आठवडे झाले.

इथल्या मंडळींना तो गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा आणि गणपतीत हमखास टाळ चुकवणारा इंजिनिअर म्हणून माहीत होता. मला त्याने पोकर शिकवलं; मनीषावहिनीच्या भाषेत, नादी लावलं. त्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या, जागी शेंगदाणे घेऊन बसायचो आणि हरले की मी ते खाऊन टाकायचे. टूर्नामेंटमध्ये सगळे सारख्या चिप्स घेऊन बसतात, संपल्या की उठायचं. शेवटी टिकतील त्या मोजक्यांना बक्षीस, बाकीचे हात हलवत घरी. त्यामुळे खरा कस बक्षिसाच्या उंबरठ्यावर लागतो. समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलून 'ऑल-इन' म्हटलं, तर कॉल करून भिडायचं की पानं टाकायची? "ढकलायला धाडस पुरतं गं," दादा म्हणायचा, "ढकलणारा दोन तऱ्हांनी जिंकतो. समोरचा घाबरून पळतो, नाहीतर पानं जिंकतात. कॉल करणाऱ्याला पानांशिवाय कुणी नाही."

त्याचे दोन नियम होते. टेबलावर नातं नाही. आणि टूर्नामेंटहून परतताना गाडीत प्रत्येकाने आपला एक डाव खराखुरा सांगायचा, तोही निकाल वगळून. मी चुकून "आणि मग मी जिंकले" म्हटलं की तो वैतागायचा. "निकाल कोणी विचारला? तेव्हा तुला काय माहीत होतं ते सांग."

गेल्या ऑक्टोबरात, दोन केमोंच्या मधल्या आठवड्यात, त्याने एकदा खेळून येऊ म्हणून हट्ट धरला. वहिनीने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं आणि दहीभाताचा डबा हातात दिला. दुपारी सुरू झालेल्या टूर्नामेंटमध्ये संध्याकाळी आम्ही एकोणीस जण उरलो. बक्षिसं अठरा. म्हणजे आता जो उठेल, तो एवढं खेळून रिकाम्या हाती जाणार. पलीकडच्या टेबलावर एकाकडे जेमतेम एक फेरी पुरेल एवढ्याच चिप्स होत्या. आणि आमच्या टेबलावर, केस गेलेल्या डोक्यावर टोपी ओढून बसलेला दादा हळूच म्हणाला, "ऑल-इन."

बाकीच्यांनी पटापट पानं टाकली. उरले मी. माझ्या हातात दोन गुलाम, भारी जोडी. माझ्या चिप्स त्याच्याहून किंचित जास्त. कॉल करून जिंकले तर दादा एका जागेने बाहेर, हरले तर माझ्याकडे चिल्लर उरणार. त्याची बोटं थरथरत होती. आधी त्या थरथरीवरून मी त्याची भारी पानं ओळखायचे, पण आता ती औषधांमुळे सतत थरथरत असत. कुणीतरी "टाइम" मागितला, म्हणजे माझ्यावर घड्याळ लावायला सांगितलं. सुपरवायझर येऊन सेकंद मोजू लागला. पहिले पाच सेकंद मी गुलामांचा विचार केला, नंतर फक्त दादाचा. पुढच्या वर्षी हा नसेल... "तीन, दोन..." मी पानं टाकली.

दोन डावांनी पलीकडचा माणूस उठला, उरलेल्या अठरा जणांचं बक्षीस पक्कं झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दादा लहान मुलासारखा हसला.

"माझ्या ऑल-इनला काय होतं तुझ्याकडे?" गाडीत त्याने विचारलं.

"राजा आणि नव्वी."

"मग ठीक," म्हणून त्याने डोळे मिटले. अकरा वर्षांत त्या गाडीत मी बोललेलं ते पहिलं खोटं.

जानेवारीत त्याचा पलंग लिव्हिंग रूममध्ये आला, तेव्हा मला राहवेना. "दादा, गुलाम होते. दोन. मला तुझी दया आली." मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलायचा नाही. मग त्याने कुणाकडे किती चिप्स होत्या ते एकेक करून विचारलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. डोळे मिटून ओठ हलवत राहिला. "पानं टाकलीस तो फोल्ड करेक्ट होता," शेवटी म्हणाला. "तो पलीकडचा जाणारच होता ना. मीसुद्धा गुलाम टाकले असते तिथं. दया-बिया काही नाही, बरोबर खेळलीस. हवं तर माझ्या लॅपटॉपवरच्या डाव तपासायच्या प्रोग्रॅममध्ये टाकून बघ." त्याच्याकडे काय होतं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आठ दिवसांनी तो गेला.

परवा बेसमेंटमध्ये त्याच्या खुर्चीवर बसून मी त्याच्या लॅपटॉपवरचा तो प्रोग्रॅम उघडला. सगळ्यांच्या चिप्स आठवतील तशा भरल्या, गुलाम भरले. बटण दाबलं की कॉल की फोल्ड, एका सेकंदात उत्तर. खेळाच्या बाबतीत दादा कधी कुणाचं मन राखायला खोटं बोलला नाही... तेव्हाही नसेल. पण बोलला असेल, तर मरणाच्या दारात पडून त्याने माझ्यावर दया केली.

"जेवायला येतेस ना गं?" वहिनीने वरून हाक मारली.

"आले," म्हटलं, आणि बटण न दाबताच लॅपटॉप मिटला.