आण्णांच्या वडिलांचा आवाज

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हळू बोलता येत नाही. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. हुपरी, कोडोली, वाडी अशा गाड्यांच्या दारात उभं राहून ओरडण्यात त्यांचं तारुण्य गेलं. आता पंच्याऐंशी उलटली, तरी सकाळी दूधवाल्याला अर्धा लिटर सांगतात ते चौकातल्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जातं. आणि या माणसाचे वडील काय करायचे? तर कुजबुजायचे. तोच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते.

विंगेत उभं राहायचं, हातात नाटकाची संहिता धरायची आणि नटाची जीभ अडखळली की पुढचे शब्द त्याच्या कानावर पोचवायचे. नटाला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं, प्रेक्षकाला जाणार नाही इतकं हळू. आण्णा वर्षाचेही नव्हते तेव्हा विषमज्वरानं ते गेले. मागे एक फोटो राहिला, कंपनीच्या सगळ्या मंडळींचा. त्यात शेवटच्या रांगेत एका धिप्पाड नटाच्या फेट्यामागून अर्धं कपाळ आणि एक कान दिसतो. तो कान माझ्या आजोबांचा. आम्ही लहान असताना आण्णा त्या कानावर बोट ठेवून सांगायचे, "ह्यो तुमचा आज्जा." आम्ही फिदीफिदी हसायचो.

आजीला आण्णांनी म्हणे लहानपणी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आबांचा आवाज कसा होता? ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "आता काय सांगू बाबा. आवाज काय हातात धरून दाखिवता येतोय व्हय?" एवढ्यावर तो विषय मिटायचा. आण्णांच्या मनात तो मिटला नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

आबा असतानाच ती कंपनी एका बोलपटात गेली होती. त्यांचं एक नाटक गाजत होतं, एका दरोडेखोराचं. राजवाड्यातली जडजवाहिराची पेटी, पळवून नेलेला दिवाणाचा मुलगा, डोंगरातली गुहा, तोंडाला काळं कापड बांधून खिडकीतून उडी मारणारा नायक, असं सगळं. बोलपट नवे नवे होते, कोल्हापुरात स्टुडिओ होते, आणि बोलणारी माणसं आयती नाटकात मिळत होती. कंपनीच्या कंपनी उचलून कॅमेऱ्यासमोर उभी केली. तो सिनेमा पुढं कुठं गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. हरवला, जळाला, विकला, जो तो वेगळं सांगायचा.

गेल्या वर्षी तो सापडला. जुन्या सिनेमांच्या मागं लागलेली काही तरुण मंडळी आहेत आमच्या गावात, त्यांना कुठल्या तरी गोदामात त्याची एक प्रत मिळाली. रविवारी सकाळी एका सभागृहात ते ती दाखवणार होते. पेपरात चार ओळींची बातमी आली आणि आण्णांनी मला फोन केला. मी त्यांची धाकटी लेक, दोन गल्ल्या सोडून राहते. फोन नसता केला तरी ऐकू आलं असतं.

"रविवारी मोकळी हायस न्हवं? पिच्चरला जायाचंय."

"आण्णा, त्यात आबा दिसणार नाहीत. ते पडद्याआड होते."

"दिसाय कशाला पायजेत? ते तितं हुते, एवढं बास झालं की."

मी नेईन म्हटलं, पण कानाचं मशीन घालायच्या अटीवर. त्या मशीनवर त्यांचा भारी राग. शिट्टी वाजते, खाज येते, बायका बोलतात ते सगळं ऐकावं लागतं, अशा त्यांच्या तक्रारी. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून तयार होऊन बसले होते. मशीन खिशात होतं. रिक्षात मी ते त्यांच्या कानात कोंबलं.

सभागृह निम्मं भरलं होतं. पहिली आली ती नावं. नट, गवई, सारंगीवाला, कपडेपट सांभाळणारे, सगळ्यांची नावं होती. प्रॉम्प्टरचं नव्हतं. आण्णा नावं संपेपर्यंत पुढं झुकून बसले होते, मग मागं टेकले.  

सिनेमा मात्र झकास होता. म्हणजे हसण्यासारखाच होता, पण झकास. सगळी पात्रं ओळीनं समोर तोंड करून उभी. बायको नवऱ्याशी भांडते ती प्रेक्षकांकडं बघून. दरोडेखोर तिजोरी फोडण्याआधी एक लांबलचक पद म्हणतो आणि बाहेर आलेले शिपाई ते संपेपर्यंत सभ्यपणे दाराशी थांबतात. सगळे शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी ओरडतात. आण्णा खुशीत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मग गुहेतला प्रसंग आला. दरोडेखोरानं दिवाणाच्या मुलाला डांबून ठेवलंय, मुलगा पळायला बघतोय, आणि दरोडेखोर हातात चाबूक घेऊन त्याच्यासमोर ठाकतो. छाती फुगवली, डोळे वटारले, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. वाक्य विसरला होता बिचारा. आणि तेवढ्यात कुठून तरी, बाजूनं, एक बारीक घोगरा आवाज आला, "खबरदार! जागचा हललास तर याद राख!" नट तसाच. पुन्हा तो आवाज, आता जरा चिडून, "खबरदार! जागचा हललास तर..." मग तो नट गरजला, "खबरदार! जागचा हललास तर याद राख!"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. अगदी मोकळेपणानं हसले, आणि हसता हसता कळलं, तो आवाज प्रॉम्प्टरचा होता.

ही मंडळी प्रॉम्प्टरशिवाय कधी तोंडच उघडत नव्हती. स्टुडिओत गेली तेव्हा त्यालाही सवयीनं बरोबर नेलं आणि पडद्याच्या कडेला उभं केलं. जे प्रेक्षकाला ऐकू जात नाही ते त्या यंत्राला ऐकू जातं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

"का हसाय लागल्यात?" आण्णांनी विचारलं. त्यांना फक्त नटाची गर्जना ऐकू आली होती.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आण्णा, प्रॉम्प्टरचा आवाज आला. रेकॉर्ड झालाय."

ते माझ्याकडं वळले. मग त्यांनी मशीनवर हात धरला आणि उरलेला सगळा सिनेमा पडद्याकडं कान करून बसले, डोळे मिटून. तो आवाज आणखी काही वेळा आला. दर वेळी लोकांना आधीच अंदाज यायचा आणि हशा पिकायचा, आणि त्या हशात तो आवाज बुडून जायचा. दर वेळी आण्णा विचारायचे, "आला? आला काय?" मी मान हलवायची. एवढी साधी गोष्ट, चार-पाच शब्द, आणि ते माझ्या बापाच्या कानापर्यंत पोचत नव्हते. त्या हसणाऱ्या लोकांना धरून बडवावंसं वाटलं मला. त्यांचा काय दोष म्हणा. आधी मीही हसलेच होते.

सिनेमा संपल्यावर हे सगळं जमवून आणणारी मुलगी माईक घेऊन उभी राहिली. तिशीची असेल, चटपटीत. तिनं सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाली की ही प्रत कच्ची आहे, आवाजाचं काम अजून व्हायचंय. "खरखर काढणार आहोत, आणि तो प्रॉम्प्टरचा आवाजही काढून टाकू, म्हणजे रसभंग होणार नाही. मग सिनेमा सगळ्यांसाठी नेटवर टाकू."

माईकवरचं असल्यामुळं ते मात्र आण्णांना नीट ऐकू आलं. मी त्यांचा हात धरेपर्यंत ते उभे राहिले होते.

"ओ ताई! त्यो आवाज काढू नका!"

बाहेर पडणारी माणसं दारात थांबली. मी "आण्णा, बसा की" म्हणून शर्ट ओढत होते. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू.

"त्यो माझा बाप हाय," आण्णा म्हणाले. नेहमीसारखंच मोठ्यानं, पण शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

कुणी हसलं नाही. ती मुलगी माईक तिथंच ठेवून खाली आली, आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "आजोबा, उद्या आमच्या खोलीवर या. तुम्हाला नीट ऐकवते. बाकीचं मला सोबत्यांना विचारावं लागेल."

संध्याकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, तो आवाज आबांचाच कशावरून? मी फोन स्पीकरवर टाकला होता ही माझी चूक. आण्णा म्हणाले, "कंपनीत प्रॉम्प्टर दुसरा कोण हुता? तू?" आणि फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. पण रात्री जेवले नाहीत धड. शंका त्यांनाही चाटून गेली असणार. मी वरणभात पुढं सरकवला तर म्हणाले, "आई म्हणायची ना, एकच माणूस, सगळी कंपनी त्याच्या तोंडावर चालायची." हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. खोली लहान, दोन संगणक, वायरींचा गुंता, भिंतीला गाद्या लावलेल्या. मुलीनं आण्णांना खुर्चीवर बसवलं, कानातलं मशीन काढायला सांगितलं, ते काढण्याचा आनंद आण्णांच्या चेहऱ्यावर लपला नाही, आणि मोठे हेडफोन डोक्यावर चढवले. पडद्यावर गुहा आली. चाबूक आला. आण्णांच्या भुवया आक्रसल्या.

"नुसती खरखर यायलीया."

तिनं काहीतरी फिरवलं. पुन्हा लावलं. आण्णांनी मान हलवली, न्हाय. तिनं नटाचा आवाज कमी केला, खालची घरघर कमी केली, तो एक आवाज तेवढा वर आणला. मी दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होते. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. नाही आला ऐकू तर काय करायचं? घरी परत नेताना या माणसाशी रिक्षात काय बोलायचं?

पुन्हा लावलं. आणि आण्णांचा चेहरा थांबला. दुसरा शब्द नाही माझ्याकडं, थांबलाच.

"आला," ते म्हणाले. मग हसायला लागले. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आगं, दम दिला की मला. पयल्यांदा बोलला त्यो दम देऊनच!"

ती मुलगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. आण्णा हेडफोन न काढता, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं तिला सांगत सुटले, "आमच्या गल्लीत सगळी पोरं बापाच्या हाका आल्या की पळायची. बाप बडवायचा म्हणून रडायची. मला काय कळायचंच न्हाय, रडत्यात कशापायी. मला कोण म्हणालंच न्हाय ओ, जागचा हलू नको म्हणून."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यभर मी या माणसाच्या आवाजाला नावं ठेवली आहेत. घर भरून टाकतो म्हणून. त्यांच्या लहानपणीच्या घरात बापाच्या आवाजाची किती जागा रिकामी होती, याचा कधी विचार केला नव्हता.

मुलीनं त्यांच्या एका कानावरचा हेडफोन उचलून मोठ्यानं सांगितलं, "आजोबा, लोक हसतील पण. प्रत्येक वेळी."

"हसू द्यात की. कोणतरी हुतं तितं, एवढं तरी कळंल त्यास्नी."

तिनं पडद्यावरची गुहा थांबवली. मग म्हणाली, "ठेवते. सोबत्यांना मी सांगते काय सांगायचं ते. आणि नावांच्या शेवटी तुमच्या वडिलांचं नावही घालते."

आण्णांना ते ऐकू गेलं नव्हतं, तोवर त्यांनी हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर घेतला होता. मी खुणेनं सांगितलं, ठेवणार आहेत. त्यांनी तिच्याकडं बघून हात जोडले, आणि लगेच बोट फिरवून खूण केली, पुन्हा लाव.

तिनं लावलं. चाबूक उगारून तो धिप्पाड नट उभा राहिला, तोंड उघडं टाकून. बाजूनं आजोबांची कुजबुज आली, "खबरदार! जागचा हललास तर..." नट विसरलेलाच होता, तो नेहमीच विसरणार होता.

आण्णा खुर्चीत ताठ बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "याद राख!"