पहिला शॉट देवाचा

लिमये बाई सकाळी यंत्र सुरू करून लेसरचा पहिला शॉट मारायच्या आणि पडद्याकडे चक्क पाठ फिरवून उभ्या राहायच्या. "पहिला शॉट देवाचा. तो मोजायचा नाही." रात्रभर नळीच्या भिंतींना चिकटलेला वायू त्या शॉटला सुटतो, त्यामुळे तो कसाही येतो, हे खरंच, पण बाईंच्या तोंडी ते शास्त्र कमी आणि शाप जास्त वाटे.

ऐंशीच्या दशकात पुण्याजवळ उरवड्याच्या एका शेडमध्ये आमची प्रयोगशाळा होती; बाई तिच्या प्रमुख आणि आमच्या मार्गदर्शक. वायूचा प्लाझ्मा करायचा, लेसरनं त्यात लाट उठवायची आणि त्या लाटेवरून इलेक्ट्रॉन पळवायचे. ते पळत, पण कुणी जोरात, कुणी रेंगाळत. मग चुंबकातून गेल्यावर पडद्यावर फराटा उमटे. सगळे एका वेगाने आले, तरच ठिपका. फराटा दिसला की बाई म्हणत, "हा झोत नाही, जत्रा आहे. तुमच्या अकलेसारखी पांगलेली." जखमेवर मीठ चोळण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

युनूस मुलाणी घोटावड्याचा, माझ्याबरोबर पीएच.डी. करणारा. त्याची फेलोशिप संपायच्या दिवशी पहिल्याच शॉटला पडद्यावर मोहरीएवढा ठिपका पडला. तसा आम्ही कधी पाहिला नव्हता. पुढचे सगळे फराटे.

"बाई, ठिपका पडलाय की! फोटू हाय माज्याकडं," युनूस रडकुंडीला आला होता.

"पहिला होता ना? नशिबाला पदवी देत नाहीत."

मुदतवाढीची शिफारसही त्यांनी केली नाही. युनूस शेजारच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून चिकटला. त्याचं टेबल बाईंनी त्याच दुपारी दुसऱ्याला दिलं. मला त्यांचा मनापासून तिटकारा आला.

पुढे प्रयोगशाळा चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला दिल्लीहून समिती आली. हाताशी माणूस हवा म्हणून मी युनूसला बोलावलं. आणि पहिल्याच शॉटला ठिपका! समितीनं टाळ्या वाजवल्या. बाई पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "तो धरू नका," त्या म्हणाल्या. "पहिला शॉट देवाचा." नंतर फराटेच आले. शेडला कुलूप लागलं. बाईंनी दुष्टपणा स्वतःलाही तेवढाच वाढून घेतला होता.

फाट्यावर युनूस म्हणाला, "आज तरी गप बसायचं व्हतं, बाई."

"गप्प बसले असते, तर तुला उगाच घालवलं असं झालं असतं."

"मला घालवलाच की, बाई."

 बाई त्याच्याकडे पाठ फिरवून पुण्याच्या एसटीची वाट बघू लागल्या.