बरोबर पन्नास

मंडळी, लाज वाटतेय, तरी लिहितो.

उद्या कळंब्याला आपल्या दहावीच्या बॅचचं मटणाचं जेवण. नेटवरच्या आपल्या ग्रुपमधून येणाऱ्यांची नावं उतरवून घ्यायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. सकाळी तो चालवला आणि आपले आचारी शिवाप्पामामा यांना फोन केला, "मामा, पन्नास ताटं."

"पन्नास म्हंजे किती?"

"पन्नास म्हणजे पन्नास."

मामा म्हणाले, "चाळीस वर्सं रांधतोय. माणसं कधी बरोबर पन्नास येत न्हाईत. एकुणपन्नास येतील, त्रेपन्न येतील. परत मोज की."

मी प्रोग्राम उघडून पाहिला. साइट एका वेळी पन्नासच नावं देते आणि खाली पुढच्या पानाची खूण जोडते. ती खूण देऊन पुढची नावं मागायची, खूण यायची थांबेपर्यंत. मी पहिल्याच पानावर थांबलो होतो. दुरुस्त करून चालवला, तर तीन पानं निघाली. एकशे सदतीस नावं.

मामांनी शिव्या घातल्या, पण मटण वाढवून सांगितलं. पुरेल का, देव जाणे.

खरी भीती वेगळीच आहे. गेल्या वर्षी निमंत्रणं पाठवायची यादीही याच प्रोग्रामनं काढली होती. जे आले नाहीत, त्यांच्याशी मी रागानं वर्षभर बोललो नाही.

खरं सांगा, तुम्हाला निमंत्रण आलं होतं का?